ओनिसेनं ग्लास उचलला नाही

राचाच्या माणसाला गांधीलमाशी चावली तर तो आधी खाली बसतो, मग विचार करतो आणि संध्याकाळी ओरडतो. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गावच्या दवाखान्यात मी भुलीची नर्स, नाव वेनेरा, आणि माझी सगळी नोकरी अशाच एका राचाच्या माणसाशेजारी उभं राहण्यात गेली. त्याचं नाव ओनिसे. डॉक्टर ओनिसे, शस्त्रक्रियेआधी भूल देणारा. तोंडावर मी त्याला 'डॉक्टर, तुम्ही' म्हणते, पाठीमागे 'तो मेला' म्हणते, आणि दोन्ही त्याला ठाऊक आहे.

आता बघा, राचा आमच्याच देशातला मुलूख, पण वर डोंगरात. तिथं घाई कशाची? आमचं गुरिया खाली, समुद्राच्या बाजूला. आम्ही बोलतो भरभर, जेवतो भरभर, भांडतो त्याहून भरभर. आमचं भांडण होऊन, मिटून, गळाभेट झालेली असते, तेव्हा ओनिसे दारातून डोकं घालून विचारतो, "काय झालं?" बायको आमच्या गावची मिळाली म्हणून तो इथं आला आणि इथलाच होऊन बसला. पण चाल काही बदलली नाही. बुटका, रुंद, डोक्यावर केस नाहीत, आणि हात मात्र कायम गरम. मुलाला हात लावायच्या आधी तो आपले तळवे हीटरवर ठेवून उभा राहतो. गार हातानं पोर दचकतं म्हणे. अहो, पण किती वेळ उभं राहायचं? तेवढ्यात मी भाकरी भाजून घेईन.

शस्त्रक्रिया करणारा आमचा डॉक्टर जुंबेर, तो पक्का गुरियाचा. हात धुऊन दारात उभा राहायचा आणि तिथंच नाचायचा.

"ओनिसे, झोपलं का पोर?"

"झोपतंय."

"अरे, मी म्हातारा झालो इथं!"

"मग बस. म्हाताऱ्यानं फार उभं राहू नये."

मुलांना मात्र हा संथ बाबा आवडायचा. मुखवटा तोंडावर ठेवायच्या आधी तो विचारायचा, "कुठं जायचंय?" पोरं सांगायची: समुद्रावर, आत्याकडे, चंद्रावर. एकानं सांगितलं, शाळा जळताना बघायचीय. ओनिसे मान हलवून म्हणाला, "बघू, जागा आहे का." ते पोर उठलं ते भ्रमात, किंचाळत उठलं आणि माझ्या मनगटाला असं चावलं की अजून खूण आहे. भुलीतून उठताना काही पोरांचं असं होतं, थोड्या वेळानं त्यांना आठवतसुद्धा नाही. ओनिसे त्याला थोपटत मला म्हणतो, "रागावू नको, वेनेरा. शाळा जळाली नसेल."

त्याची दुसरी खोड औषधांची. चार औषधं एका दमात देता येतात, घाईचे लोक देतातच. हा एक देणार आणि थांबणार. दुसरं देणार आणि थांबणार. एकदा हर्नियाची एक चिमुरडी टेबलावर होती. झोपेचं दिलं, थांबला. दुखण्यावरचं दिलं, थांबला. जंतू मारायचं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा थांबला. जुंबेर दारात ताटकळून लालबुंद. आणि बघता बघता पोरीच्या गळ्यावर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. त्या वेळी हा राचाचा माणूस असा काही चपळ झाला की मी तोंडात बोट घातलं. कुठल्या औषधानं घात केला ते शोधायची गरजच नव्हती, शेवटचं एकच होतं. ते बंद, प्राणवायू पूर्ण, अ‍ॅड्रेनलिन दिलं, आणि पोरगी परत आली. सगळं शांत झाल्यावर ओनिसे स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वेनेरा, आता चहा." तो चहासुद्धा त्यानं थंडगार होईपर्यंत प्यायला. तेव्हापासून जुंबेर दारात नाचतो, पण तोंडातल्या तोंडात.

हे सगळं मी सहन केलं. पण एका गोष्टीनं माझं डोकं फिरायचं. आदल्या दिवशी तो पोराच्या घरच्यांना खुर्चीत बसवून विचारायचा, "तुमच्या घरात कधी भूल दिल्यावर कुणाला काही झालंय का? झोपवलं आणि उठलं नाही, असं कुणी?"

प्रश्न बरोबरच आहे, मी नाही म्हणत नाही. फार क्वचित, पण एखाद्या घराच्या रक्तात अशी काही गोष्ट असते की भुलीची वाफ छातीत गेली की अंग आतून पेटतं. हातपाय ताठ, जबडा घट्ट, आणि ताप चढतो तो चढतच जातो. चांगलं धडधाकट पोर असतं. बाहेरून काही कळत नाही. रक्तात आईबापाकडून येतं आणि गुपचूप बसून राहतं. त्यावर एक औषध आहे, पण ते आमच्यासारख्या लहान दवाखान्यात कुणी ठेवत नाही. म्हणून आधी कळलं तर बरं. कळलं की ती वाफच द्यायची नाही, शिरेतून दुसरी औषधं देता येतात.

पण विचारता कुणाला? गुरियाच्या माणसाला! तो खुर्चीतल्या खुर्चीत फुगतो. "आमच्या घराण्यात? छे हो! आमचा पणजोबा मरेपर्यंत बैल खांद्यावर घ्यायचा!" घरात पोरी असतात, उद्या त्यांची लग्नं जमवायची, या घराचं रक्त कच्चं अशी कुजबूज कोण ओढवून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, अशी आमची जात.

मग हा ओनिसे काय करायचा? त्यांच्या घरी जेवायला जायचा. कुणी बोलावलं की निघाला. आमच्याकडे बोलावतातच, पोराला हात लावणाऱ्या डॉक्टरानं आपलं मीठ खाल्लेलं असावं असं लोकांना वाटतं. जुंबेर टाळायचा, मी टाळायचे. हा मात्र खाचापुरीचा, म्हणजे आमच्या चीज भरलेल्या भाकरीचा, तुकडा हातात धरून तासन् तास बसणार. मी कितीदा सुनावलं, "डॉक्टर, लोक म्हणतात तुम्ही पेशंटच्या घरी पोट भरता." तर म्हणतो, "भरतोच. चांगलं बनवतात." खादाड तर तो आहेच, हे मी आजही म्हणते.

आणि मग आली नुत्सा. पोरगी सहा वर्षांची, पण घोरायची अशी की शेजारचं कुत्रं भुंकायचं. टॉन्सिल इतके सुजलेले की झोपेत मध्येच श्वास अडकायचा. ते काढायलाच हवे होते. घेऊन आला तिचा आजोबा एर्मिले, कारण बाप ट्रक घेऊन पोलंडात.

एर्मिले म्हणजे आमच्याकडचा नामांकित तमादा. मेजावर कुणाच्या नावानं ग्लास उचलायचा ते तमादा ठरवतो, तो बोलतो आणि बाकीचे ऐकतात. लग्न असो की मयताचं जेवण, एर्मिलेशिवाय मेज भरत नाही. ओनिसेनं त्याला खुर्चीत बसवलं आणि आपला ठेवणीतला प्रश्न विचारला.

"आमच्या घरात?" एर्मिले म्हणाला. "डॉक्टर, आमच्या घरात सुरी लागते ती फक्त डुकराला! एकाचंही आजवर ऑपरेशन नाही. लिहून घ्या."

ओनिसेनं काही लिहिलं नाही. तो नुत्साकडे वळला. "कुठं जायचंय झोपेत?"

"घोड्यावर," नुत्सा म्हणाली.

"घोडा नको. दुसरं काही सांग," एर्मिले म्हणाला.

"घोडाच."

"नुत्सा! समुद्रावर जा, मामाकडे जा, घोडा नाही म्हणजे नाही."

"स्वप्नातपण नाही?" पोरीनं डोळे वटारले. "आजोबा घोड्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत."

ओनिसेनं हीटरवरचे हात उचलले. "एर्मिले, तुमचे वडील घोडेस्वार होते ना? शर्यतीतले? त्यांची गोष्ट माझ्या सासऱ्यांनी सांगितलीय."

"होते."

"मग घरी घोडा नाही?"

"ट्रॅक्टर आहे," एर्मिले म्हणाला आणि उठलाच. "रविवारी दुपारी जेवायला यायचं. तुम्ही, जुंबेर, आणि ही तिखट जिभेची वेनेरासुद्धा. सोमवारी माझ्या पोरीला हात लावणार ना? मग आधी माझ्या घरचा पाव मोडा." आणि या वेळी मला आणि जुंबेरला टाळता आलं नाही, कारण एर्मिलेला नाही म्हणणं म्हणजे पुढची दहा वर्षं गावभर त्याची टिंगल ऐकणं.

रविवारी आभाळ धो धो कोसळत होतं, आमच्याकडे ते नेहमीचंच. मेज मात्र असं भरलेलं की ताटांवर ताटं चढलेली. अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी, घेवडा, खाचापुऱ्या, घरची काळी वाइन. चुलीपाशी नुत्साची आई, आणि आतबाहेर करत होती एर्मिलेची थोरली बहीण केसारिया. काळे कपडे, हाताला कायम पीठ. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच असते. जिभेनं तीसुद्धा कमी नाही.

"खा ना, डॉक्टर," ती ओनिसेला म्हणाली. "की राचात घास गिळायलापण विचार करावा लागतो?"

"चावतोय," ओनिसे म्हणाला.

"चावा, चावा. पुढच्या सुगीपर्यंत गिळाल."

जुंबेरच्या ग्लासात मी हिरवं लेमोनेड ओतलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्या ग्लासात वाइन पडू देत नाही मी. राचाच्या माणसाची चिंता नसते, एक ग्लास तो दिवसभर पुरवतो.

एर्मिले रंगात आला. शांततेच्या नावानं झालं, मुलखाच्या नावानं झालं, आईबापांच्या नावानं झालं. मग तो उभा राहिला, आवाज खाली आणला, आणि गेलेल्यांच्या नावानं ग्लास उचलला. आमच्याकडे हा ग्लास चुकत नाही. आपल्या घरातून गेलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि दर नावाला दोन थेंब वाइन पावावर सांडायची, त्यांच्या वाट्याची. एर्मिलेनं बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, नदीत वाहून गेलेल्या भावाचं घेतलं, केसारियाच्या नवऱ्याचं घेतलं. जुन्या शेजाऱ्याचं घेतलं. पोस्टमनचंसुद्धा घेतलं, "पत्रं फोडून वाचायचा, पण आनंदाची असली तर पळत आणून द्यायचा!" आम्ही हसत होतो आणि पावावर वाइन सांडत होतो. मग लगेच, श्वाससुद्धा न घेता, त्यानं ग्लास भरला. "आता पोरांच्या नावानं! नुत्सा, ये इकडे!"

गेलेल्यांच्या मागून पोरांचा ग्लास, ही आमची रीत. सगळे उठले. ग्लास वर गेले. फक्त ओनिसे बसलेला, आणि त्याचा ग्लास मेजावर.

अहो, पोरांच्या नावानं ग्लास उचलायचा नाही? शत्रूच्या मेजावरसुद्धा कुणी असं करत नाही! मी मेजाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. तो हलला नाही.

"डॉक्टर, ग्लास," एर्मिले म्हणाला.

"अजून मागचाच संपला नाही," ओनिसे म्हणाला.

"कुणाचा मागचा?"

"गेलेल्यांचा. तुमची नावं संपली, मग केसारियाआजींनी पावावर आणखी एकदा वाइन सांडली."

सगळ्यांनी केसारियाकडे पाहिलं. तिनं हात पदराआड घेतल्यासारखा एप्रनखाली घेतला. "हात हलला माझा. म्हातारी झाले."

"हात हलला की वाइन मेजावर पडते, आजी. तुमची नेमकी पावावर पडली. आणि तुम्ही ओठ हलवलेत."

एर्मिलेचं तोंड लाल झालं. "माझ्या मेजावर बसून माझ्या बहिणीची झडती घेता? मी तुम्हाला जेवायला बोलावलं, डॉक्टर, चौकशीला नाही!"

"एर्मिले," ओनिसे म्हणाला, "उद्या सकाळी मी या पोरीच्या तोंडावर मुखवटा ठेवणार. या घरातलं मला जे माहीत नाही, ते तिच्या जिवावर बेतेल. तुम्ही सांगा, मी बसतो. मला घाई नाही."

आणि बसला की! खरंच बसला. हात मांडीवर, डोळे खाली. गुरियाच्या माणसाचा जीव घ्यायचा असेल तर त्याच्यासमोर गप्प बसावं. खाचापुऱ्या निवल्या. जुंबेर काही तरी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या तोंडात पाव कोंबला. एर्मिले तसाच उभा, ग्लास हवेत.

"आजोबा, हात नाही दुखत?" नुत्सानं विचारलं.

तेव्हा केसारिया खाली बसली. "एम्झार," ती म्हणाली. "माझा मुलगा."

एर्मिलेनं ग्लास खाली ठेवला.

"या पोरीएवढाच होता," केसारिया म्हणाली. "हात मोडला होता, बाकी काही नाही. नुसता हात. शहरात नेला. म्हणाले, झोपवतो, हाड बसवतो, संध्याकाळी घेऊन जा. आम्ही बहीणभाऊ बाहेर बाकावर. मग आत धावाधाव. मला बोलावलं तेव्हा मी त्याच्या कपाळाला हात लावला. चुलीवरनं काढलेल्या भाकरीसारखा तापला होता. अंग ताठ. जबडा मिटलेला. म्हणाले, ताप होता. कसला ताप? सकाळी मोजा घालत नाही म्हणून माझ्याशी भांडत होता तो."

"मला का नाही सांगितलं कुणी?" नुत्साची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "इतकी वर्षं मी या घरात आहे! माझी पोर उद्या..."

"या मेजावर त्याचं नाव निघत नाही," केसारिया म्हणाली. "मी आपली मनात घेते."

"घोड्यावर मी बसवला होता," एर्मिले एकदम म्हणाला. असा पडका आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. "ही नको नको म्हणत होती. मी म्हटलं, गुरियाचं पोर आहे, पडेल आणि उठेल. दवाखान्यातही मीच नेला." त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. "मी मारला त्याला."

ओनिसे उठला. पटकन उठला हो, खुर्ची मागं पडली!

"हात मोडून पोर मरत नाही, एर्मिले. घोड्यानं मारलं नाही, तुम्ही मारलं नाही. त्याच्या छातीत भुलीची वाफ गेली आणि ती त्याच्या रक्ताला सोसली नाही. त्या काळी आमच्या भागात हे कुणाला ओळखता येत नव्हतं. ती गोष्ट बहुधा तुमच्या घराच्या रक्तात आहे. आजींच्या, तुमच्या, तुमच्या मुलाच्या." त्यानं नुत्साच्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्याही असेल. तुमच्या घरात सुरी फक्त डुकराला लागली म्हणून तुम्ही सगळे आजवर वाचलात."

मग तो जुंबेरकडे वळला. "उद्या नाही."

"नाहीच," जुंबेर म्हणाला. एकही विनोद न करता.

एर्मिले मेजावरून उठून भर पावसात अंगणात निघून गेला. तमादा स्वतःचं मेज सोडून गेला, असं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. मी उठायला लागले तर केसारियानं मला खाली बसवलं. "जाऊ दे. भिजला की येईल." आणि ओनिसेच्या ताटात गरम भाकरी ठेवली. "घ्या, डॉक्टर. तुमचा आधीचा घास झाला असेल आता."

ऑपरेशन राजधानीत करायचं ठरलं, जिथं ते औषध हाताशी असतं. ओनिसे बरोबर गेला, कारण नुत्सानं सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून ती घोडा घेणार नाही. मी का गेले? मी नसते तर त्याची गाडी चुकली असती. तिथल्या लोकांनी आदल्या दिवसापासून यंत्रातून वाफेचा अंशही धुऊन काढला होता, नळ्या नव्या लावल्या होत्या. झोपेचं औषध शिरेतून द्यायचं, आणि ते दुसरं औषध शेजारी मांडून ठेवलेलं. आत जाताना ओनिसेनं तळवे चोळून गरम केले. "कुठं जायचंय?" "सांगितलंय ना!" नुत्सा ओरडली. "विसरलात?"

मी बाहेर बाकावर बसले. माझ्या एका बाजूला एर्मिले, दुसऱ्या बाजूला केसारिया. दोघं गुरियाचे, आणि एक शब्द नाही. एर्मिलेची टोपी त्याच्या हातात पिळून पिळून चिंधी झाली. दार उघडलं की दोघं उठायचे, कुणी दुसरंच बाहेर यायचं, दोघं बसायचे. मी सरळ सांगते, मला भीती वाटत होती. आत ती पोर होती आणि अशा बाकानंतर काय येऊ शकतं ते या दोघांना माहीत होतं.

शेवटी खाट बाहेर आली. नुत्साचे डोळे मिटलेले. केसारियानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. मग पोरीच्या कपाळावर ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. "एर्मिले, गार आहे रे."

एर्मिले भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. नुत्सानं एक डोळा उघडला. घसा बसलेला, तरी बोललीच.

"घोडा कसला दिलात? चालायचाच नाही. राचाचा होता."

पुढं त्या घराचं रक्त तपासायला परदेशी गेलं आणि उत्तर आलं: आहे. एर्मिलेत आहे, त्याच्या मुलात आहे, नुत्सात आहे. पोरीच्या गळ्यात आता क्रुसाशेजारी एक छोटा पत्रा असतो, त्यावर लिहिलंय तिला कुठली भूल द्यायची नाही. ती तो मैत्रिणींना पदक म्हणून दाखवते. एर्मिले तर भेटेल त्याला सांगत सुटला, "माझं रक्त असं तसं नाही, परदेशातल्या डॉक्टरांनीसुद्धा नोंद घेतलीय!" झाकली मूठ उघडल्यावरसुद्धा आमचा माणूस फुशारकी सोडत नाही. पण आता दवाखान्यात येणारे लोक ओनिसेला आपणहून सांगतात, कुणाची मावशी, कुणाचा काका. त्याला जेवायला जायची गरजच नाही. तरी जातोच, मेला.

एर्मिलेनं पुन्हा बोलावलं ते द्राक्षं काढून झाल्यावर. मेज तसंच भरलेलं, माणसं तीच. नुत्सा मेजाखाली मांजराशी खेळत होती आणि घोरत नव्हती. शांततेचा ग्लास झाला, मुलखाचा झाला, आईबापांचा झाला. मग एर्मिले उभा राहिला. बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, भावाचं घेतलं, मेहुण्याचं, शेजाऱ्याचं, पोस्टमनचं. आणि थांबला.

मी मेजाखालून ओनिसेकडे पाय नेला होता, तो मागं घेतला. केसारियाचा ग्लास पावावर तिरका झालेला, पण अजून सांडलेला नव्हता.

"एम्झार," एर्मिले म्हणाला. "माझ्या बहिणीचा मुलगा. घोड्याला भीत नव्हता. मोजे घालायचा नाही." त्यानं ग्लास पावावर तिरका केला. "माझा फार लाडका होता."

आम्ही सगळ्यांनी पावावर वाइन सांडली. केसारियानंसुद्धा सांडली, सगळ्यांबरोबर, ओठ न हलवता. मग तिनं एप्रननं तोंड पुसलं आणि भावाकडे पाहिलं.

"एवढं एक नाव घ्यायला तुला उभा जन्म लागला होय रे? आणि म्हणे राचाचे लोक हळू!"

एर्मिले रडत होता आणि हसत होता. मग त्यानं पोरांच्या नावाचा ग्लास भरला, नुत्साला मेजाखालून बाहेर ओढलं, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते, त्या मेजावर सगळ्यांच्या आधी ग्लास उचलला तो ओनिसेनं.